संहितेबाहेरची साखर

सिस्टरांना वॉर्डात सगळे 'पुन्हा सांगा' म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण पुरुषांचा तो लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, मधे पडदे आणि पडद्यांच्या निम्म्या कड्या तुटलेल्या; तिथे पाठीमागे म्हणजे तरी किती मागे? खिडकीपाशी कुणी कुजबुजलं की दाराशी हसू पिकायचं. सिस्टरांना सगळं ऐकू यायचं आणि राग मुळीच यायचा नाही. उलट मनातून जरा बरंच वाटायचं.

नाव उगाच पडलं नव्हतं. घरी निघालेल्या पेशंटच्या हातात गोळ्यांची पिशवी कोंबायची आणि "वेळच्या वेळी घ्या, चला, काळजी घ्या" म्हणून मोकळं व्हायचं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या खुर्ची ओढून समोर बसायच्या. कुठली गोळी कशासाठी, रिकाम्या पोटी की भरल्या, चुकली तर काय करायचं, जास्त गेली तर काय होतं, सगळं निवांत सांगायच्या. आणि मग हाताची घडी घालून म्हणायच्या, "हं, आता तुम्ही मला सांगा बघू." घोळ झाला की पुन्हा पहिल्यापासून. एक वकीलसाहेब चिडून म्हणाले होते, "मी काय बालवाडीत आहे का?" तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "छे हो, बालवाडीतली मुलं इतक्यांदा चुकत नाहीत. पुन्हा सांगा."

त्यांचं एक ठाम मत होतं. "समजलं ना?" असं विचारलं की जगातला प्रत्येक माणूस मान डोलावतो. सासूने सुनेला विचारो, नाहीतर डॉक्टरने पेशंटला. तेव्हा मानेवर विश्वास ठेवायचा नाही, माणसाला बोलतं करायचं. बोलला की समजतं घोडं कुठे पेंड खातंय ते. आजवर तरी या मताने त्यांना दगा दिला नव्हता.

आणि मग राजेसाहेब आले. तेही स्ट्रेचरवरून.

राजेसाहेब म्हणजे खरे राजे नव्हेत. उभ्या आयुष्यात दिवसा टपालखात्यात शिक्के मारले आणि संध्याकाळी नाटकात मुकुट घातले, म्हणून ते नाव. आता नोकरी संपली होती, बायको देवाघरी गेली होती, दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मुकुटही कधीचे दुसऱ्यांच्या डोक्यावर गेले होते. अशात एका नाटकमंडळीने त्यांना एका कौटुंबिक नाटकात भूमिका दिली: कडक, करारी सासरा, जन्मात कुणाकडे काही न मागणारा. राजेसाहेब लहान पोरासारखे खूश झाले. आणि ऐन तालमीत, दुसऱ्या अंकात, रागाने ताडकन उठले, घामाने डबडबले, थरथरले आणि सोफ्यावर कोसळले. खालून दिग्दर्शक ओरडला, "वा! वा! अगदी अस्संच ठेवा!" सून झालेल्या मुलीने हलवून पाहिलं, तेव्हा कुठे कळलं की हा अभिनय नव्हे. रक्तातली साखर पार तळाला गेली होती.

सलाईन चढलं, डोळे उघडले, आणि पहिला प्रश्न आला, "अंक संपला का?"

"तुमचा संपत आला होता," त्यांची मुलगी म्हणाली. दुसऱ्या गावाहून रात्रीचा प्रवास करून आली होती बिचारी. बोलायला फटकळ, पण डोळे रडून लाल झालेले. डॉक्टरांनी तिला सांगितलं, शुगरच्या गोळ्या चालू असताना खाण्यापिण्याची आबाळ झाली असणार, त्यातून हे झालं. आता तीच गोळी कमी ताकदीची देतो, पण वेळेवर खायला हवं. तिने तिथल्या तिथे फैसला केला. बाबा इथून थेट तिच्या घरी. खोल्यांना कुलूप, नाटकाला रामराम.

राजेसाहेब भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि संध्याकाळचा चहाही घेतला नाही. ज्या माणसाने सकाळपासून मावशींना, वॉर्डबॉयला आणि शेजारच्या खाटेवरच्या दमेकरी बस ड्रायव्हरला नाटकातले संवाद ऐकवून हैराण केलं होतं, तो असा गप्प पडलेला पाहून सगळा वॉर्डच हिरमुसला.

"ताई," सिस्टर मुलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वय झालं म्हणून लगेच कुलूप नका हो लावू."

"मग काय करू? तिकडे माझ्या घरी फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं. ठीक आहे, तुम्हीच सांगा. यांना यांची औषधं एकट्याने सांभाळता येतील असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, तर मी एक शब्द बोलणार नाही. राहू देत इथे, करू देत नाटक. नाही म्हणालात, तर गाडीत बसवते."

घ्या! आपणहून ओढवून घेतलेलं न्यायाधीशपण. पण राजेसाहेब भिंतीकडून गर्रकन वळले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की सिस्टरांना नाही म्हणवेना.

सकाळी खुर्ची ओढून बैठक बसली. सिस्टरांनी सगळं सांगितलं. मधेच मावशी कपाटाची किल्ली मागायला आल्या, त्यांनाही वाटेला लावलं, आणि उरलेलं सांगून हाताची घडी घातली. "हं, आजोबा. आता तुम्ही."

राजेसाहेब उशीला टेकून ताठ बसले. घसा साफ केला. वॉर्डातली कुजबुज थांबली.

"ही पांढरी छोटी गोळी शुगरची," ते म्हणाले, आणि ऐकणारे चाटच पडले, कारण आवाज हुबेहूब सिस्टरांचा. तीच लय, तसंच मधे थांबून चष्मा वर सरकवणं, नाकावर चष्मा नसतानाही. "रोज सकाळी नाश्त्याच्या आधी एक. घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नुसत्या चहावर भागवायचं नाही. नाश्ता होणार नसेल तर... अहो मावशी, किल्ली ड्रॉवरमध्ये आहे, आणि तो फिनेलचा डबा आधी उचला तिथून, कुणीतरी अडखळून पडेल... तर गोळीही नाही. घाम सुटला, हात थरथरले, पोटात खड्डा पडला, तर समजायचं शुगर उतरली. लगेच तीन चमचे साखर तोंडात, आणि बरं वाटलं की त्यावर खाणं."

वॉर्डाने टाळ्यांचा कडकडाट केला. ड्रायव्हरकाका खोकता खोकता हसले आणि हसता हसता पुन्हा खोकले. मावशींनी पदर तोंडाला लावला. राजेसाहेबांनी मान झुकवून मानवंदना स्वीकारली. मुलगीसुद्धा हसली.

सिस्टरही हसल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मग चष्मा पुसताना त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आजोबा, फिनेलचा डबा कशाला घेतलात त्यात?"

"म्हणजे काय? तुम्ही म्हणालात म्हणून. संहितेत आहे ते सगळं म्हणायचं. आपल्या मनाने गाळायचं नाही आणि आपल्या मनाचं घुसडायचं नाही. मी आयुष्यात संहितेबाहेर एक शब्द बोललेलो नाही, सिस्टर. लोक मला त्यासाठी ओळखतात."

"बरं. समजा उद्या तुमच्याकडे दूधवाला आला नाही, पाव संपलाय, नाश्ता काही होणार नाही. काय कराल?"

राजेसाहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "त्याच्या मागचं वाक्य द्या. म्हणजे पुढचं येईल."

पडद्याआडून ड्रायव्हरकाकांची कुजबुज आली, "गोळी नाही! गोळी नाही!"

"काका, तुम्ही गप्प बसा!"

"अहो, राजाला सारथ्याने मदत करायला नको?"

पुन्हा हशा झाला, पण सिस्टरांच्या कपाळावर आठी पडली होती. म्हणजे सगळं तोंडपाठ, आणि डोक्यात अक्षर नाही. माणसाला बोलतं केलं की कळतं, हे त्यांचं लाडकं मत. आणि इथे असा माणूस समोर बसला होता ज्याचा धंदाच मुळी दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं बोलण्याचा! त्यांची कसोटी राजेसाहेबांनी खिशात घातली होती, तीही लबाडी न करता. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण पास झालो. मुलगी पर्स उचलत विचारत होती, "मग सिस्टर? जमेल ना त्यांना?"

हो म्हणायला जीभ अगदी टोकाशी आली होती. राजेसाहेबांच्या डोळ्यांकडे बघून कुणालाही हो म्हणावंसं वाटलं असतं. "उद्या सांगते," सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतःवरच चरफडत निघून गेल्या.

दिवसभर त्यांचं कामात लक्ष होतं, पण मनात तेच. इंजेक्शन देताना नाव विचारायचं, मनगटावरची पट्टी वाचायची, औषधाची बाटली घेताना एकदा, भरताना एकदा आणि ठेवताना एकदा बघायची, हे हात आपोआप करत होते. हात! पेशंटने नुसतं बोलून चालणार नाही, करून दाखवायला हवं. आणि करायचं ते इथे नाही. इथे नाश्त्याची गाडी खडखडत येते, मावशी हाक मारतात, गोळी समोर येते. घरी कुठली गाडी आणि कुठल्या मावशी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजेसाहेबांना पेशंटांच्या बसायच्या खोलीत नेलं. मुलगी होतीच. ड्रायव्हरकाका आमंत्रण नसताना नेब्युलायझरची वाफ आटोपून हजर झाले.

"आजोबा, मला तुमचं घर बघायचंय."

"आत्ता?"

"आत्ता. ह्या खुर्च्या घ्या, टेबल घ्या. मांडा घर. आणि तुमची सकाळ करून दाखवा मला. बोलायचं नाही, फक्त करायचं."

अहो, काय सांगावं! म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. "सारथी, ती खुर्ची इकडे. ही खाट. तिथे ओटा. नाही नाही, ओटा उजवीकडे, नाहीतर खिडकी कुठे जाईल?" बघता बघता दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. मुलीने एक स्टूल उचलून कोपऱ्यात सरकवलं आणि हळूच म्हणाली, "आईची शिलाई मशीन इथे असते." राजेसाहेबांनी मान हलवली.

मग सकाळ झाली. राजेसाहेब उठले, पांघरुणाची घडी घातली, नसलेल्या नळावर चूळ भरली. नसलेल्या गॅसवर चहाचं आधण ठेवलं. आणि त्यांचा हात सवयीने वर गेला, एका नसलेल्या फळीवर. तिथून काहीतरी काढलं, उघडलं, चिमटीत धरून तोंडात टाकलं, पाणी प्याले. मग टेबलाशी आले, तिथली नवी गोळी उचलली, तीही टाकली, पुन्हा पाणी प्याले, आणि रुबाबात पावाला लोणी लावू लागले.

"थांबा!" सिस्टर इतक्या जोरात ओरडल्या की ड्रायव्हरकाका दचकून उठले. "वरून काय काढलंत?"

"गोळी."

"कुठली गोळी?"

"नेहमीची. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची. मेकअपच्या पेटीत असते, पावडरच्या डबीत. फळीवर."

"आणि टेबलावरची?"

"ती मोठ्या डॉक्टरांची. आधी त्यांची जास्त ताकदीची घ्यायचो, आता तीच तुम्ही दिलेली कमी ताकदीची. दोन डॉक्टर, दोन गोळ्या. त्यांचा मान त्यांना, यांचा यांना."

मुलीने कपाळावर हात मारला. "बाबा! मी आल्या आल्या सिस्टरांनी मला विचारलं होतं, घरी आणखी काही औषधं चालू आहेत का म्हणून. मी छातीठोकपणे नाही म्हणाले! मला मोठ्या डॉक्टरांची तेवढी चिठ्ठी ठाऊक होती."

"मला कुठे विचारलं? मी झोपलो होतो. आणि सिस्टर, जुनी बंद करा असं तुमच्या संहितेत नव्हतं."

नव्हतंच! असणार कसं, जी गोळी कुणाला माहीतच नाही ती? मुलगी रिक्षा करून घरी गेली आणि मेकअपची पेटी घेऊन आली. पेटीत काजळाच्या कांड्या, खोट्या मिशा, गोंद, आणि पावडरच्या डबीत राजेसाहेबांच्या नेहमीच्या गोळीचं पाकीट. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि शीळ घातली. औषध तेच, कंपनी वेगळी, म्हणून नाव वेगळं आणि रंगही वेगळा. म्हणजे आजोबा रोज सकाळी मानापमान न होऊ देता एकच औषध दोनदा घेत होते. "खाण्याची आबाळ म्हणून मी मोकळा झालो होतो," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, बरं झालं तुम्ही हे शोधलंत. हे असेच घरी गेले असते, तर पुन्हा आलेच असते. किंवा आलेही नसते." जुनी गोळी त्यांनी बंद केली, आणि डबीसकट काढून घेतली.

डॉक्टरांचं ते 'आलेही नसते' मुलीने ऐकलं. तिचा चेहरा उतरला. "बाबा, पुरे झालं आता. बॅग भरा. सिस्टर, तुमचे उपकार झाले, पण आता उत्तर मिळालं ना?"

राजेसाहेबांचे हात त्या पेटीवर होते. खोटी मिशी त्यांनी नीट सरळ करून परत ठेवली.

"उत्तर अजून नाही मिळालं," सिस्टर म्हणाल्या. "गोळी चुकली ती आपल्याला माहीत नव्हती म्हणून. त्यांना समजतं की नाही, हे मी अजून बघितलेलंच नाही. आजोबा, इकडे बघा. मी विचारणार, तुम्ही सांगायचं. अट एकच. माझं एकही वाक्य वापरायचं नाही. डॉक्टरांचंही नाही. तुमच्या शब्दांत सांगा, ही गोळी काय करते?"

राजेसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. सवयीने विंगेकडे बघावं तसं दाराकडे बघितलं. ड्रायव्हरकाकांचे ओठ हलायला लागले होते, सिस्टरांनी डोळे वटारले तसे तेही थांबले.

"माझे शब्द?" म्हातारा शेवटी म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. सिस्टरांचा नाही, राजाचाही नाही. "माझे शब्द ही गेल्यापासून कुणी मागितलेच नाहीत, सिस्टर. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं नाही. म्हणून तर नाटक हवं होतं. तिथे निदान कुणीतरी मला काहीतरी विचारतं."

मुलीने झटकन मान वळवली. सिस्टर मात्र हटल्या नाहीत. "मग आता मी विचारतेय. गोळी काय करते?"

"गोळी... ती ओढते. साखर खाली ओढते. आडातल्या दोरासारखी, नाही, तसं नाही..." ते अडखळले, हाताने हवेत काहीतरी खाली ओढून दाखवलं. "म्हणजे वरून मी काही टाकलं नाही, तर ती मलाच खाली ओढणार. मी दोन गोळ्या घेतल्या, म्हणजे दोघे जण ओढत होते. आणि तालमीच्या दिवशी तर मी दुपारपासून उपाशी असतो. पोट रिकामं असलं की आवाज मोकळा लागतो, आम्ही सगळे तसंच करतो... अरे देवा." ते मटकन खुर्चीवर बसले. "म्हणून पडलो होय मी!"

"पाव संपलाय, दूध नाही. मग?"

"मग गोळीला हात लावायचा नाही. शेजारणीकडे पाव मागायचा. तो मिळाला की दोन्ही. नाही मिळाला तर तुम्हाला फोन."

"आणि घाम सुटला, हात थरथरायला लागले तर?"

"साखर. लगेच. मग पोटात काहीतरी."

"आणि स्टेजवर झालं तर?"

इथे मात्र राजेसाहेब ताठ झाले. "स्टेजवर संहितेबाहेर काही नाही. अख्खा दुसरा अंक मी स्टेजवरून हलत नाही. पण..." सिस्टरांची भुवई वर गेलेली पाहून ते घाईने म्हणाले, "कोटाच्या खिशात साखरेच्या वड्या ठेवीन. हळूच तोंडात टाकीन. कुणाला दिसणार नाही. आणि पडदा उघडायच्या आधी उपाशी राहणार नाही, आवाज लागो नाहीतर न लागो."

सिस्टर मुलीकडे वळल्या. छातीवर हात ठेवला. "ताई, आता म्हणते मी. जमेल त्यांना."

"कळलं मला," मुलगी डोळे पुसत हसली. "जन्मात पहिल्यांदा बाबांना अडखळताना ऐकलं. म्हणजे खरंच स्वतःचं बोलले. राहा इथेच. पण रोज सकाळी फोन करीन, आणि वाक्य रोज वेगळं हवं!"

ड्रायव्हरकाकांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या आणि मग खोकत बसले.

पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत तिघे: मधे सिस्टर, एकीकडे मुलगी, दुसरीकडे बरे होऊन घरी गेलेले ड्रायव्हरकाका, इस्त्रीच्या शर्टात. राजेसाहेबांनी विंगेतूनच हाताने खाऊन झाल्याची खूण केली होती आणि वड्या ठेवलेला कोटाचा खिसाही थोपटून दाखवला होता. पण नाटकाआधी पाहुण्यांची भाषणं होती. एक पाहुणे बोलले, दुसरे बोलले, तिसऱ्यांनी दोन शब्द म्हणून सुरुवात केली आणि ते दोन शब्द काही संपेनात. सिस्टर घड्याळाकडे बघून चुळबुळ करू लागल्या. पोटातलं केव्हाच जिरलं असणार. शेवटी पडदा वर गेला, पहिला अंक झोकात झाला, आणि पडदा पडता पडता लगेच दुसरा सुरू झाला, कारण वेळ गेला होता भाषणांत आणि मध्यंतर गाळलं होतं. सिस्टर खुर्चीत पुढे सरकल्या. मध्यंतरात खायचं, असं ठरलं होतं.

दुसऱ्या अंकात राजेसाहेब उंची रेशमी कोटात आले. नवा कोट! सिस्टरांनी मुलीचा हात घट्ट धरला. वड्या पहिल्या अंकातल्या कोटात, आणि तो विंगेत खुंटीला.

प्रवेश रंगला होता. सून म्हणत होती, "मामंजी, तुम्हाला या घरात काय कमी आहे ते एकदा सांगा तरी!" आणि सासऱ्याने ताडकन उठून म्हणायचं होतं की मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. राजेसाहेब उठले. कपाळावर दिव्यांत घाम चमकला. बोटं थरथरली. तीच जागा, तोच सोफा. प्रेक्षक श्वास रोखून बघत होते, आणि विंगेत दिग्दर्शकाचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्याला वाटत होतं, काय अभिनय आहे!

सिस्टर अर्ध्या उठल्या होत्या. पायऱ्या कुठे आहेत ते त्यांनी बघून ठेवलं होतं.

राजेसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. विंगेतून प्रॉम्प्टरने वाक्य दिलं, एकदा, दोनदा. त्यांनी ते घेतलं नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि आवाज तो होता, बारीक, बसायच्या खोलीतला. "मला थोडी साखर दे. माझे हात थरथरतायत. मला बरं वाटत नाहीये, आणि मी एकटाच आहे."

सून झालेली मुलगी क्षणभर गोंधळली. पण चहाचा ट्रे टेबलावर होता, आणि नेपथ्यवाल्याने नशिबाने भांड्यात खरी साखर भरली होती. तिने भांडं पुढे केलं. राजेसाहेबांनी चमचा भरला, खाल्ला, पुन्हा भरला, पुन्हा खाल्ला, आणि सोफ्यावर शांत बसून तिसरा. सून त्यांच्या पायाशी बसली, कारण उभं राहून काय करायचं ते तिला सुचेना. ट्रेमधलं बिस्कीट तिनेच पुढे केलं. राजेसाहेबांनी ते अख्खं, सावकाश, चावून खाल्लं. मागे कुणीतरी नाक ओढलं. मग त्यांच्या गालांवर रंग आला, त्यांनी ओठ पुसले आणि नाटक जिथे सोडलं होतं तिथून, शब्दाचाही फरक न करता, पुढे चालू केलं.

सिस्टर खाली बसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती, हसतही होती.

पडदा पडल्यावर आत ही गर्दी. दिग्दर्शक राजेसाहेबांना मिठी मारून नाचत होता. "काय सुचलं हो तुम्हाला! करारी म्हातारा, आणि मागतो काय, तर साखर! लोक रडत होते! हे वाक्य कायमचं संहितेत घालू."

"नाही," राजेसाहेब म्हणाले. सिस्टरांनी आणलेल्या सँडविचचा घास त्यांच्या तोंडात होता, तो गिळून ते पुन्हा म्हणाले, "नाही. उद्या मी वेळेवर जेवणार आहे, वड्या दोन्ही कोटांत असणार आहेत, आणि तुम्ही मध्यंतर गाळणार नाही आहात. उद्या संहितेत आहे तेच बोलीन. ते वाक्य नाटकाचं नव्हे, माझं आहे."

मग ते सिस्टरांकडे वळले आणि जरा घाबरतच म्हणाले, "बरोबर केलं ना मी? की पुन्हा सांगू?"

"नको आजोबा," सिस्टर म्हणाल्या. "आधी ते सँडविच संपवा."